घरी आजारपण, हातात मार्च एंड : काम धरून कसं ठेवता?

गोकर्णी | २ मार्च, रात्री ११:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्स आणि डिस्पॅचची कागदपत्रं बघते. आठ वर्षं झाली. बाबा इचलकरंजीचे, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. २२ जानेवारीला पहाटे आई त्यांना उठवायला गेली तर उजवा हात-पाय हलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. अर्धांगवायू. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण झटका झोपेत कधी आला तेच कळलं नव्हतं, त्यामुळे देता आलं नाही. १६ दिवस दवाखान्यात होते. आता आई-बाबा दोघंही माझ्याकडे आहेत.

पहाटे पाचला उठते. बाबांचं तोंड धुणं, कपडे, पेज भरवणं, मुलाचा डबा. साडेआठला बाबांना सांभाळणाऱ्या मावशी येतात, मग मी निघते. संध्याकाळी फिजिओथेरपी. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मिस्टरांची शिफ्ट असते, ती नसेल त्या रात्री एक पाळी ते घेतात. भाऊ पुण्याहून पंधरा दिवसांनी येतो.

आता मूळ गोष्ट. गेल्या गुरुवारी बेळगावला कास्टिंग पाठवायचं होतं. ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा जीएसटीचा कागद, करताना गाडी नंबरचे शेवटचे आकडे ४६७१ ऐवजी ४६१७ टाकले. त्याच वेळी फिजिओथेरपीवाल्यांचा फोन चालू होता. रात्री नऊला निपाणीच्या अलीकडे गाडी अडवली, ती सुटली दुसऱ्या दिवशी दुपारी. गिऱ्हाइकाचं मशिनिंग अर्धा दिवस बंद. ड्रायव्हर पोरगा रात्रभर केबिनमध्ये उपाशी बसून होता, हे मला जास्त लागलं. आठ वर्षांत माझ्या हातून असं झालेलं नाही.

पुढे सगळा महिना आहे. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचं आर-वन विवरणपत्र, १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला जीएसटीचंच थ्री-बी, आणि वरती मार्च एंड. रजा मार्चमध्ये मागता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती नकोही आहे, पगार लागतो. मला इतकंच विचारायचं आहे की डोकं घरी अडकलेलं असताना हातून चूक होऊ नये म्हणून काय करायचं. 'स्वतःसाठी वेळ काढा', 'ध्यान करा' हे वाचून झालं आहे. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी आपापल्या कामात नेमकं काय केलं ते सांगाल का?

घाटमाथा | ३ मार्च, सकाळी ७:१०

ताई, बाबांना लवकर आराम पडो. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण धागा वाचतो आहे. बायकोच्या आजारपणात मीही वर्षभर असाच चाचपडलो होतो, तेव्हा कुणाला विचारायचंच सुचलं नाही. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

मिरजेची_सिस्टर | ३ मार्च, दुपारी ३:२५

गोकर्णी, मी १९ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. आमच्याकडे कुणाचं ना कुणाचं घर कायम अडचणीत असतंच. कुणाचं मूल तापाने फणफणलेलं, कुणाचा नवरा पिऊन आलेला, आणि तरी औषध योग्य पेशंटला योग्य डोसमध्येच जायला हवं. त्यामुळे चूक होऊ न देण्याची जबाबदारी एकट्या बाईच्या लक्षावर टाकायची नाही, हे आमच्या कामातच बसवलेलं आहे.

ड्यूटी संपताना आम्ही 'ओव्हर' देतो. प्रत्येक बेडपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगायचं: याला काय झालं, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. तोंडी पण आणि लिहूनही. ओव्हर दिल्याशिवाय मी वॉर्ड सोडत नाही, आणि एकदा दिलं की तो वॉर्ड माझ्या डोक्यातून उतरतो. तुम्ही दिवसातून दोनदा वॉर्ड बदलता, घर आणि ऑफिस, पण ओव्हर कुठेच देत नाही. म्हणून ऑफिसात बाबांची गोळी आठवते आणि बाबांपाशी टीडीएस.

घरातून निघताना मावशींसाठी एक कागद लिहा. ऑफिसातून निघताना उद्याच्या गोकर्णीसाठी एक कागद लिहा. पाच ओळी पुरतात, पण रोज लिहा.

दुसरं. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आम्ही तीन वेळा थांबतो: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. प्रत्येक वेळी यादी मोठ्याने वाचायची. ही १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणली. ती बनवणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील आपल्या यवतमाळमधल्या उटी गावचे. ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. डॉक्टर तेच, भूलतज्ज्ञ तेच. दिवसभर सावध राहणं कुणालाच जमत नाही. तीन ठरलेल्या जागी थांबणं दमलेल्या माणसालाही जमतं. तुमच्या कामातल्या अशा जागा कोणत्या, ते तुम्हालाच ठाऊक.

पहिले तीन महिने फिजिओथेरपीचा एकही दिवस चुकवू नका. सुधारणा सगळ्यात वेगाने याच काळात होते.

शाईपेन | ३ मार्च, रात्री ९:४०

मी कर सल्लागार आहे, म्हणून आधी तुमच्या मनावरचं थोडं ओझं उतरवतो. गाडी नंबरात एक-दोन आकडे चुकले तर ती किरकोळ चूक धरावी, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं १४ सप्टेंबर २०१८ चं परिपत्रक आहे, क्रमांक ६४. बाकी कागद बरोबर असतील तर राज्याबाहेरच्या मालाला १००० रुपये दंड, त्यापुढे कारवाई नाही. त्याची प्रत ड्रायव्हरच्या फाइलमध्ये ठेवून द्या, पुढच्या वेळी कुणाची रात्र जाणार नाही.

सिस्टरनी विचारलेल्या 'जागां'बद्दल. अकाउंट्सची बहुतेक कामं नंतर सुधारता येतात. लेजरमध्ये एंट्री चुकली, उलटी टाकता येते. आर-वनमध्ये बिल राहिलं, पुढच्या महिन्यात घेता येतं. ई-वे बिलाचा भाग ब, ज्यात गाडी नंबर असतो, तो सुद्धा मुदतीत बदलता येतो, फक्त गाडी अडवायच्या आधी कळायला हवं. ज्यात परत फिरता येत नाही अशी कामं मोजकी आहेत: बँकेतून बाहेर जाणारे पैसे, गेटबाहेर जाणारी गाडी आणि मुदतीच्या तारखेला भरायचा कर. तुमची ताकद आत्ता कमी आहे, ती या तिन्हींवर खर्च करा. बाकीचं काम ७० टक्के नीट झालं तरी एप्रिलमध्ये आपण निस्तरतो. दरवर्षी निस्तरतोच.

तारीखवाली | ४ मार्च, रात्री १२:१५

सगळे चांगलं सांगत आहेत, पण कुणीतरी लवकरच लिहील की 'साहेबांशी मोकळेपणाने बोला', म्हणून आधीच लिहिते. मी बोलले होते. पुण्यात आयटीत आहे, घटस्फोटाची केस चालू होती, दर महिन्याला शिवाजीनगरला कोर्टात तारीख. मॅनेजरला विश्वासाने सगळं सांगितलं. दोन महिन्यांत मला 'तुझ्यावर ताण नको' म्हणून महत्त्वाच्या कामातून काढलं आणि वर्षअखेरीला 'जबाबदारी कमी होती' म्हणून पगारवाढ कमी दिली. काम मी एकही दिवस मागे ठेवलं नव्हतं. त्या काळात माझ्याकडे तेवढं कामच उरलं होतं ज्यात माझी किंमत होती, आणि तेच काढून घेतलं.

त्यामुळे माझा सल्ला: का ते सांगू नका, कधी ते सांगा. 'माझी आई आजारी आहे, मी फार खचले आहे' हे मैत्रिणीला सांगा. ऑफिसात 'मी एप्रिलअखेरपर्यंत साडेपाचला निघेन, सकाळी साडेनऊला हजर असेन, अमुक काम माझं, तमुक मी घेऊ शकत नाही' एवढंच. समोरच्याला तुमची कीव करायला जागाच ठेवायची नाही.

डाउन_लाइन | ४ मार्च, सकाळी ६:०५

मी निवृत्त लोको पायलट. सोलापूर, दौंड, पुणे या पट्ट्यात हयात गेली. ताई, तुमचा ४६७१ आणि ४६१७ वाचला आणि राहवलं नाही.

इंजिनात आम्ही दोघं असतो. सिग्नल दिसला की असिस्टंट हात वर करून मोठ्याने पुकारतो, 'डबल यलो'. मी सिग्नल स्वतः बघतो आणि तेच परत पुकारतो. रात्री तीनला, समोर कुणी नसताना, तोच सिग्नल हजार वेळा पाहिलेला असतानाही. नवीन पोरांना ते अवघड वाटतं, घसा दुखतो म्हणतात. पण नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत जाईलच असं नाही. मन घरी असलं की डोळा हिरवा बघतो आणि मेंदू कालचा पिवळा लावतो. तोंडाने बोलायचं म्हटलं की मनाला तेवढ्यापुरतं तरी गाडीत यावंच लागतं. जपानी रेल्वेत बोट दाखवून पुकारतात. तिथल्या संशोधन संस्थेने मोजून पाहिलं तेव्हा चुका साधारण ८५ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या.

माझा धाकटा मुलगा गेला त्यानंतर मी २१ दिवसांनी ड्यूटीवर परत आलो. कुर्डुवाडीच्या पुढे कितीतरी वेळा असं झालं की मधली दोन स्टेशनं मला आठवतच नव्हती. पण सिग्नल एकही सुटला नाही, कारण असिस्टंट पुकारत होता आणि मला उत्तर देणं भाग होतं. तो माझ्याशी दुःखाचं एक अक्षर बोलला नाही. नेहमीपेक्षा जरा जोरात पुकारायचा, एवढंच. त्याचं हे ऋण माझ्यावर आहे.

तुम्ही नंबर टाकता तेव्हा नंबर पुकारायला दुसरं माणूस उभं करा. फोन चालू असताना कीबोर्डला हात लावायचा नाही. फोन महत्त्वाचा असेल तर उठून बाहेर जाऊन बोला, आणि परत आल्यावर पहिल्या अक्षरापासून सुरू करा. अर्ध्यावरून नाही.

गोकर्णी | ४ मार्च, रात्री ११:३०

डाउन_लाइन काका, तुमचा प्रतिसाद मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

शाईपेन, परिपत्रक आजच काढून दोन्ही ड्रायव्हरांना दिलं. तुमचे ते तीन मुद्दे लिहून मॉनिटरला चिकटवले आहेत: पैसे, गाडी, तारीख.

तारीखवाली, तुझ्याबरोबर जे झालं ते वाईट झालं. मालकांशी अजून बोलले नाही. आमची जागा लहान आहे, २२ जानेवारीपासून सगळ्यांनाच माहीत आहे. पण 'माहीत असणं' आणि 'काम वाटून घेणं' यात फरक आहे हे तुझ्यामुळे लक्षात आलं.

आणखी एक विचारते. मी जरा वेळ मिळाला की साधी गणितंही दोनदा करते आहे, तरी भरवसा वाटत नाही. वय झालं की काय अशी भीती वाटते. असं कुणाला झालं आहे का?

आडसाली | ५ मार्च, रात्री ८:५०

करवीर तालुक्यातला ऊसवाला आहे, तुमच्या शेजारचाच. वय झालेलं नाही ताई.

ऊस तुटायच्या आधीचे दोन-तीन महिने आमच्या घरात कसे असतात ते सांगतो. सोसायटीचं कर्ज अंगावर, घरात पैसा नाही, ऊसतोडीची टोळी कधी येणार ते ठाऊक नाही. त्या दिवसांत मी मोटर बंद करायला विसरतो, खताचा हिशेब चुकतो, पोरांवर ओरडतो. बिल जमा झालं की पंधरा दिवसांत माणूस ताळ्यावर. वाटायचं हा माझ्या स्वभावाचा दोष. मग एका कृषी मेळाव्यात एका प्राध्यापकांनी तमिळनाडूतला अभ्यास सांगितला. ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बुद्धीची चाचणी घेतली होती. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. शेतकरी तेच, कोडी त्याच जातीची, पण तोडणीआधी गुण स्पष्ट कमी. काळजी डोक्यातली जागा अडवून बसते आणि उरलेल्या जागेत माणूस हिशेब करतो.

हे ऐकल्यापासून मी तोडणीआधी मोठा निर्णय घेत नाही. पाइपलाइन, ट्रॅक्टर, सोयरीक, काही नाही. आणि मोटरीला टायमर बसवला. तुम्हीपण या दोन महिन्यांत नवीन सॉफ्टवेअर, नवीन पद्धत असलं काही अंगावर घेऊ नका. ज्या वाटेने पाय आपोआप जातात त्याच वाटेने जा.

फळ्यावरची_रेघ | ६ मार्च, दुपारी ४:३०

मी कराडजवळ हायस्कूलला गणित शिकवते. ह्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. दोन वर्षं झाली.

इथे सगळे काम म्हणजे ओझं धरून बोलत आहेत. माझं वेगळं आहे. वर्गात गेले, फळ्यावर तारीख घातली, 'त्रिकोणमिती' असं लिहिलं की ३५ मिनिटं मी फक्त गणिताची बाई असते. साठ मुलं समोर असताना घर आठवायला फुरसतच नसते. तास सुटला की स्टाफरूमपर्यंतच्या पायऱ्यांवर सगळं परत अंगावर येतं. पण ती ३५ मिनिटं नसती तर मी टिकले नसते. म्हणून गोकर्णी, काम कमी करायला सांगताना तुला ज्यात मन रमतं ते काम देऊन टाकू नकोस. कटकटीचं दे.

एक सावधही करते. गेल्या दिवाळीत मी जादा तास घेऊ लागले. शाळेत कौतुक झालं. खरं म्हणजे डायलिसिसच्या खोलीत बसणं मला नकोसं झालं होतं आणि मी शाळेत लपत होते. ह्यांनीच एकदा विचारलं, 'आज पण जादा तास?' तेव्हा कळलं. आता बुधवारी मी पूर्ण वेळ त्यांच्यापाशी असते, वह्या तिथेच तपासते.

झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी दोनदा केला आहे.

हडसनकाठ | ६ मार्च, रात्री ११:०५

न्यू जर्सीतून लिहितो आहे. इथे मोठ्या कंपनीत, म्हणजे ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे, एक वर्ष आणि १२५० तास काम झालं की आईवडिलांच्या गंभीर आजारासाठी वर्षाला १२ आठवडे रजा कायद्याने मिळते. ती केंद्राच्या कायद्यात बिनपगारी असते, पण नोकरी जात नाही. आई गेली त्याआधी मी ती तुकड्यातुकड्यांनी घेतली. आपल्याकडे खासगी नोकरीत आजारी आईवडिलांसाठी अशी रजा हक्काने मिळत नाही, मालकाच्या मनावर सगळं. हे बदलायला हवं, गोकर्णीसारख्या बाईला चांगल्या मालकाच्या भरवशावर राहावं लागू नये.

मिरजेची_सिस्टर | ७ मार्च, सकाळी ९:००

तारीखवाली, तुमचं पटलं तरी थोडं वेगळं मत मांडते. निदान एका माणसाला 'का' ते माहीत हवं, साहेब नको, शेजारच्या टेबलावरचं माणूस. डाउन_लाइन काकांच्या असिस्टंटला माहीत होतं म्हणूनच तो जोरात पुकारत होता.

तारीखवाली | ७ मार्च, सकाळी १०:२०

हे मान्य. माझ्या शेजारच्या टेबलावर तेव्हा कुणीच नव्हतं, सगळे घरून काम करत होते. ते असतं तर कदाचित मीही वेगळं लिहिलं असतं.

गोकर्णी | २४ मार्च, रात्री १०:४५

थ्री-बी १९ ला भरलं. म्हणून आज निवांत लिहिते.

८ तारखेला मालकांशी बोलले. तारीखवालीने सांगितलं तसं आधी कागदावर लिहून नेलं: १५ एप्रिलपर्यंत सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पाच, पैसे-गाडी-तारीख माझं, कोटेशन आणि स्क्रॅपचा हिशेब दुसऱ्या कुणीतरी बघावा. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, 'हे जानेवारीतच का आणलं नाहीस?' स्क्रॅप आता मालकांचा पुतण्या बघतो. बँक मिळवणी मी माझ्याकडेच ठेवली. फळ्यावरची_रेघ, दोन्ही बाजूचे आकडे पैशाला पैसा जुळतात तेव्हा मला जे बरं वाटतं ते दुसऱ्या कशात वाटत नाही.

गाडीचं असं केलं आहे. ड्रायव्हर आरसी बुक घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहतो आणि एकेक आकडा पुकारतो. मी टाइप करताना तोच आकडा परत बोलते. मग स्क्रीन त्याच्याकडे वळवते, तो बोट ठेवून वाचतो आणि मगच मी बटण दाबते. त्या रात्री निपाणीला अडकलेला पोरगा सगळ्यात मोठ्याने पुकारतो. १२ तारखेला त्याने स्वतः एक चूक पकडली, माझी नव्हे, गेटपासवरची. माझा फोन डिस्पॅचच्या वेळी मावशींचा नंबर सोडून बंद असतो. मावशींचा आला की मी उठते, बाहेर जाते आणि परत आल्यावर आकडे पहिल्यापासून.

एक चुकलंच. १५ ला पीएफ भरलं, पण नव्या दोन मोल्डरांची नावं घालायची राहिली. १७ ला कळलं, दुरुस्त केलं, थोडं व्याज पडलं. रडू आलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बाबांचं सांगते. फिजिओथेरपीवाले कपड्यांचे चिमटे देतात, दोरीवर लावायला. बाबा लावतात आणि वैतागतात. परवा आईने इचलकरंजीहून आणलेल्या पिशवीत सुताची एक लड निघाली. मी सहज दोन टोकं त्यांच्या हातात दिली. जॉबरची गाठ आम्ही लहानपणी बघत बसायचो, तुटलेला धागा दोन बोटांत फिरला की गाठ पडलेली असायची, कशी ते दिसायचंच नाही. परवा डाव्या हाताने टोक धरलं, उजव्या हाताचा अंगठा त्यावर नेला, घसरला, परत नेला. बावीस मिनिटं. गाठ बसली नाही, पण उजवा अंगठा पहिल्यांदा स्वतःहून बोटावर टेकला. आता रोज संध्याकाळी चिमट्यांआधी सूत असतं.

भाऊ उद्या येतो आहे, दोन रात्री त्याच्या. सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं ओव्हर लिहून ठेवलं आहे. तपासून सांगाल का, काही राहिलं असेल तर:

"रात्री ९ ला रक्त पातळ होण्याची गोळी, पेजेनंतर. १० ला डावी कूस, १२ ला उताणं, २ ला उजवी, ४ ला डावी. उजव्या कुशीवर असताना उजवा खांदा अंगाखाली दाबू द्यायचा नाही, पुढे ओढून ठेवायचा. गुडघ्यांत उशी. पाणी नेहमी बसवून, चमच्याने, ठसका लागला तर थांबायचं. 'पान' म्हणाले की पाणी हवं आहे. 'माग' म्हणाले की मी. दोन्हींना लगेच ओ द्यायची. मला उठवायचं नाही, फक्त ताप आला तर उठवायचं."

मिरजेची_सिस्टर | २४ मार्च, रात्री ११:१०

टाचा राहिल्या. पोटऱ्यांखाली मऊ घडी द्या, टाचा गादीला टेकू देऊ नका. बाकी ओव्हर बरोबर आहे. आता झोपा.